बाराच्या बोल्टला तेराचा पाना

पाना फिरला, बोल्ट जागेवरच राहिला.

हा आवाज ज्याने एकदा ऐकलाय त्याला वेगळं सांगायला नको. 'कट्' असा बारीक, कोरडा आवाज. मनगटातला सगळा जोर एकदम मोकळा सुटतो, बोटांची हाडं समोरच्या लोखंडावर आपटतात, आणि वाकून बघावं तर बोल्टच्या डोक्याच्या कोपऱ्यांवर नवे चकचकीत ओरखडे. यंदा मे महिन्यात माझ्या गाडीच्या अल्टरनेटरच्या (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाच्या) बोल्टचं हेच झालं. तो बोल्ट काढायला मला एक संध्याकाळ, एक रात्र आणि एक सकाळ लागली. त्यात जे शिकलो ते नीट लिहून ठेवावंसं वाटलं, कारण घरी गाडीचं काम करणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते, आणि बोल्टचं जास्तीचं नुकसान पुढच्या पाच मिनिटांत आपल्याच हातून होतं.

आमचं गाव सावद्याजवळ, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यापासून आत. घरची केळी. गाडी २०११ ची मारुती, दुसऱ्या हाताची घेतलेली. तेल बदलणं, एअर फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड ही कामं मी घरीच करतो. पैसे वाचतात हे खरंच, पण मला ते काम आवडतं हेही तितकंच खरं. विहिरीतली मोटर काढताना, ठिबकचा फिल्टर खोलताना हातात पाना असतोच. मग दारातल्या गाडीसाठी दुसऱ्याकडे कशाला जायचं?

महिनाभर सकाळी गाडी सुरू केली की अल्टरनेटरचा पट्टा किंचाळायचा. हेडलाइट आणि पंखा लावला की जास्तच. पट्ट्याच्या आतल्या बाजूला भेगा पडल्या होत्या. आईला डोळे दाखवायला जळगावला न्यायचं होतं, बुधवारची वेळ मिळाली होती. ४४–४५ अंशांच्या उन्हात भुसावळच्या पुढे कुठेतरी पट्टा तुटून रस्त्यात अडकायचं, तेही पंच्याहत्तरीच्या आईला घेऊन, हे मला नको होतं. म्हणून सोमवारी संध्याकाळी नवा पट्टा घेऊन बॉनेट उघडलं.

काम तसं सोपं. अल्टरनेटर दोन बोल्टवर बसतो. खालचा मोठा बोल्ट बिजागरीसारखा, त्याला माझ्या गाडीत चौदाचा पाना लागतो. वरचा लहान, लांबट खाच असलेल्या पट्टीतून जाऊन अल्टरनेटरच्या कानात, म्हणजे बाहेर आलेल्या भोकाच्या भागात, आवळलेला. दोन्ही सैल केले की अल्टरनेटर आत ढकलता येतो आणि पट्टा निघतो. खालचा बोल्ट चौदाच्या रिंग पान्याने पहिल्याच दमात सुटला. वरच्याला मी बारा-तेराचा पाना लावला. तेराच्या बाजूने.

ही चूक का झाली ते सांगतो, कारण ती फक्त अंधाराची नव्हती. लाईट गेलेली होती, मोबाइलची बॅटरी लावून काम चाललं होतं, हे आहेच. पण खरं कारण हाताची सवय. शेतात आठ एमएमचा बोल्ट आला की हात आपोआप तेराच्या पान्याकडे जातो. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणाऱ्या आठच्या बोल्टचं डोकं तेराचंच असतं. पाइपाच्या क्लॅम्पला तेच, स्टार्टरच्या पेटीला तेच. आमच्या मारुतीचं मूळ मात्र जपानच्या सुझुकीचं, आणि जपानी मापात आठच्या बोल्टचं डोकं बाराचं असतं. दहाच्या बोल्टचंही तसंच: आपल्या बाजारात सोळा किंवा सतरा, या गाडीत चौदा. जाडी तीच, आठच्या बोल्टचे आटेही तेच, डोकं लहान. आणि आपल्याकडच्या पान्यात बारा आणि तेरा एकाच दांड्याच्या दोन टोकांना.

तेराचा पाना बाराच्या डोक्यावर बसतो आणि थोडा हलतो. तेवढं हलणं मला हाताला जाणवलं होतं. मी दुर्लक्ष केलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मुलीला हे सांगितलं तेव्हा तिने वहीत गणित करून दाखवलं. ती नुकतीच दहावी झालीय, त्रिकोणमिती अजून ताजी आहे. षटकोनाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर १२ मिमी असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १३.८६ मिमी येतं. म्हणजे १३ च्या पान्याला निसटायला प्रत्येक कोपऱ्यावरचा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी धातू आडवा असतो. तेवढा चुरडला की पाना मोकळा. नीट बसलेला बाराचा पाना बोल्टची सपाट बाजू धरतो, तेराचा नुसते कोपरे धरतो. त्यात माझ्या पान्याचे जबडे पंधरा वर्षं वापरून थोडे फाकलेले. मला हे अनुभवाने माहीत होतं, पण आकड्यात बघितल्यावर तो 'कट्' आवाज नेमका कुठून आला ते कळलं.

इथे मी थांबायला हवं होतं. पहिल्या घसरणीनंतर बोल्टचे कोपरे दुखावलेले असतात, पण डोकं अजून षटकोनीच असतं. त्याच वेळी पाना खाली ठेवून सहा कोपऱ्यांची बाराची गोटी (सॉकेट) आणली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. मी काय केलं? पाना उलटा करून बाराच्या बाजूने पुन्हा जोर लावला. दुखावलेल्या कोपऱ्यांना तोही पेलला नाही. मग ग्रिप प्लायर आणली. ती चावून चावून घसरली आणि डोकं आणखी गोल झालं. माझ्या अनुभवाने सांगतो, प्लायरने धरल्यावर बोल्ट पहिल्या झटक्यात सुटला नाही तर पुढचा प्रत्येक झटका त्याला कानशीसारखा घासत जातो.

शेजारचे आबा खाटेवर बसून हे सगळं ऐकत होते. आबा भुसावळच्या लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेत. इंजिनाखाली आयुष्य गेलेला माणूस. ते उठून आले आणि म्हणाले, "काय झालं बापू? निंघत नाही का?"

"आबा, डोकं गोल झालं."

त्यांनी बॅटरी माझ्या हातातून घेतली, बोल्टवर धरली, डोक्यावरून नखाने एक गोल फिरवला. मग म्हणाले, "आता हात नको लावू त्याले. वायर ब्रश आन."

ब्रशने त्यांनी बोल्टच्या डोक्याखालची आणि अल्टरनेटरच्या कानामागची, जिथून आट्यांचं टोक जरासं बाहेर आलेलं दिसतं तिथली, माती-तेलाची खपली काढली. मला हे सुचलंच नव्हतं. आपण वरून तेल मारतो, पण खपली असेल तर तेल तिच्यातच मुरतं, आट्यांपर्यंत पोचतच नाही. मग गंज सोडवणाऱ्या स्प्रेची नळी लावून दोन्ही बाजूंनी अगदी थोडं थोडं सोडलं. अल्टरनेटरच्या आत उडू नये म्हणून मागे फडकं धरलं. माझ्याकडे स्प्रे होता म्हणून, नाहीतर आबांच्या हिशेबाने डिझेलही चाललं असतं. शेतातले फ्लॅंजचे बोल्ट आम्ही डिझेलवरच सोडवतो.

"रातभर तेल पिऊ दे त्याले," आबा म्हणाले. "सकायी पाहू."

जाता जाता त्यांनी गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायला लावली. आम्ही अल्टरनेटरवर काम करत होतो आणि मी ती काढलेलीच नव्हती. अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीत, गाडी बंद असली तरी, थेट बॅटरीचा करंट असतो. पान्याचं एक टोक तिला आणि दुसरं इंजिनाला लागलं तर ठिणग्या, आणि पाना तिथेच चिकटू शकतो. हे वाचणाऱ्याने बोल्टचं बाकी सगळं विसरलं तरी चालेल, एवढं विसरू नये.

रात्री शेतात थ्री फेज लाईट येणार होती, मोटर चालू करायला गेलो. पण डोक्यात बोल्टच होता. बांधावर बसून मी पर्याय मोजत होतो.

वेल्डिंगवाला गावातच आहे. गोल झालेल्या डोक्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग मारायचं आणि तो नट पान्याने फिरवायचा, हा उपाय जबरदस्त आहे. उष्णतेने बोल्टही सैल होतो. विहिरीवरच्या अँगलसाठी मी दहादा केला असेल. पण अल्टरनेटरच्या आत डायोड असतात, गाडीत कॉम्प्युटर असतो, आणि वेल्डिंगचा करंट चुकीच्या वाटेने गेला तर दोन्ही जातात. सगळं सोडून, अर्थिंगचा चिमटा अगदी बोल्टजवळ लावून करता येतं, पण अल्टरनेटर गाडीतच असताना माझं मन धजलं नाही.

दुसरा पर्याय ड्रिल मारून एक्स्ट्रॅक्टर घालण्याचा. एक्स्ट्रॅक्टर म्हणजे उलट्या आट्यांचा निमुळता खिळा. बोल्टमध्ये मधोमध भोक पाडायचं, तो ठोकायचा आणि डावीकडे फिरवायचा. डोकं पूर्ण तुटलं असेल तर हाच मार्ग उरतो. पण एक्स्ट्रॅक्टर फार कडक, म्हणून ठिसूळ असतो. तो आत तुटला तर त्यात साधा ड्रिल शिरत नाही, आणि मग अल्टरनेटर काढून लेथवर न्यायचा. डोकं शाबूत असताना एक्स्ट्रॅक्टर घालणं म्हणजे उगाच शेवटच्या पायरीवर उडी मारणं.

माझ्या मनात आलं, पट्टा तर बदलायचाच आहे, तो कापून टाकला तर निदान हात घालायला जागा मोकळी होईल. सकाळी साडेपाचला आबा चहा पीत होते तेव्हा त्यांना हे विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"पट्टा नको कापू. बोल्ट नाही निंघाला तर गाडी सावद्यापर्यंत तरी गेली पाहिजे ना? पट्टा कापला मंग पंपाले कोन फिरवीन?"

बरोबर होतं. माझ्या गाडीत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही चालतो. पट्टा गेला की इंजिनात पाणी फिरणार नाही, गाडी दोन-चार किलोमीटरमध्ये तापणार. जुना का असेना, पट्टा होता तोवर खालचा बोल्ट आवळून गाडी गॅरेजपर्यंत नेता येत होती. चाळीस वर्षांच्या कामाने माणसाला ही सवय लागते की परतीचा रस्ता आधी बघायचा. ती मला शिकायची आहे.

आबांचा उपाय साधा होता. बाराचं डोकं गोल झालंय ना? मग त्याला कानशीने अकराचं करायचं.

ऐकायला सोपं. प्रत्येक बाजूने अर्धा मिमी घासायचा. पण बोल्ट फिरत नाही, त्यामुळे वरच्या तीन बाजू दिसतात आणि खालच्या तीन हाताच्या अंदाजाने कराव्या लागतात. लहान चपटी कानस, एका बाजूला दात नसलेली, म्हणजे शेजारची पट्टी घासली जात नाही. माप म्हणून दहा-अकराचा पाना. एक बाजू घासायची, समोरची घासायची, पाना घालून बघायचा. पाना अडत-अडत शिरायला लागला की ती जोडी सोडून पुढच्या जोडीकडे. आबा शेजारी स्टुलावर बसून एकच गोष्ट परत परत सांगत होते: "सैल नको होऊ देऊ. कमी घास. गोटी ठोकून बसली पाहिजे." सकाळच्या गार वेळी एक तास दहा मिनिटं हे चाललं. नऊनंतर बॉनेटखालच्या लोखंडाला हात लावता आला नसता, म्हणूनच एवढ्या लवकर सुरुवात केली.

मग अकराची गोटी, सहा कोपऱ्यांची. बारा कोपऱ्यांची घेऊ नका. नवीन बोल्टसाठी ती ठीक, पण दुखावलेल्या डोक्याला तिचे दात पुन्हा कोपऱ्यावरच धरतात. गोटी डोक्यावर ठेवून हातोडीने बसवायची होती, आणि इथे एक धोका होता. अल्टरनेटरचा कान ॲल्युमिनियमचा, मागून आधार नसेल तर ठोक्याने तडकतो. आबांनी माझ्याकडचा दोन किलोचा घण मागून कानाला टेकवून धरला आणि मला पुढून लहान हातोडीने ठोकायला सांगितलं. सहा-सात ठोक्यांत गोटी घट्ट बसली. या ठोक्यांचा आणखी एक फायदा. आट्यांत बसलेला गंज हादरतो, तेलाला आत जायला वाट मिळते.

त्यानंतर उष्णता. माझ्या चुलतभावाकडे पीव्हीसी पाइप तापवायची हीट गन आहे, ती आणून ठेवली होती. तापवण्याआधी रात्रीचं तेल फडक्याने पुसून कोरडं केलं, कारण तो स्प्रे पेट घेतो. पट्ट्यावर ओलं गोणपाट, त्यावर पत्र्याचा तुकडा. वायरी बाजूला बांधल्या. हीट गन बोल्टवर न धरता कानावर धरली, सहा-सात मिनिटं. यामागचं कारण मला फार आवडतं. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. आठ मिमीचं भोक शंभर अंशांनी तापवलं तर बोल्ट आणि भोक यांच्यात मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढी जास्तीची मोकळीक मिळते. डोळ्यांना दिसणार नाही, पण अडकलेल्या आट्याला तेवढी पुरते. पोलादात पोलाद असतं तर एवढी मदत झाली नसती.

मी टॉमी (गोटी फिरवायचा दांडा) लावली आणि डावीकडे ओढणार, तेवढ्यात आबांनी मनगट धरलं.

"आधी आवय."

म्हणजे आधी आवळ. जो बोल्ट काढायचा आहे तो आधी आवळायचा, अगदी केसभर. गंजाची पकड तुटण्याशी मतलब, ती कोणत्या दिशेने तुटली याने फरक पडत नाही. मी उजवीकडे दाबलं. काही नाही. आणखी थोडं. मग 'कर्र' असा आवाज आला, पहिल्या 'कट्'पेक्षा पूर्ण वेगळा, खोल, जड. तो कानाने नाही, तळहाताने ऐकू येतो. बोल्ट हलला होता.

मग घाई केली नाही. अर्धा पाव फेरा डावीकडे, पुन्हा उजवीकडे, थोडं तेल, पुन्हा डावीकडे. जड झालं की मागे यायचं. एकाच दिशेने ओढत राहिलं तर निघालेला भुगा आट्यांत दाबला जातो आणि बोल्ट मधेच तुटतो. दहा-बारा मिनिटांनी बोल्ट बोटांनी फिरायला लागला आणि बाहेर आला. आट्यांत गंजाचा तांबूस थर आणि त्यात पांढरी पूड, ॲल्युमिनियमची. लोखंड आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम असं खाल्लं जातं. डोक्यावर, एका कडेला, '८.८'चा शिक्का, म्हणजे बोल्टच्या ताकदीचा दर्जा, अजून अर्धा वाचता येत होता. मी तो बोल्ट आबांच्या हातात दिला. त्यांनी तो उन्हात धरून फिरवून बघितला आणि काही न बोलता परत दिला. चेहऱ्यावर समाधान होतं. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो केळीची पहिली गाडी भरताना होतो तसा होता, खोटं सांगत नाही.

कानातले आटे ८ × १.२५ च्या टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) साफ केले, नवे पाडले नाहीत, नुसता हाताने टॅप फिरवून कचरा काढला. आटे शाबूत होते. नवा बोल्ट आणायला फैजपूरला गेलो. हार्डवेअरमध्ये तेराच्या डोक्याचा लगेच मिळत होता, तोही ८.८चाच. बसला असता, चाललाही असता. पण उद्या रस्त्यात कुणी मेकॅनिक या गाडीला हात लावेल तेव्हा तो बाराचाच पाना काढेल, आणि तो पाना बसणारच नाही. म्हणून स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन बाराच्या डोक्याचा घेतला. आट्यांना तांब्याचं ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढं लावलं. ग्रीस लावलेला बोल्ट कोरड्यापेक्षा कमी जोरात जास्त आवळला जातो, त्यामुळे हात आखडता ठेवला. ॲल्युमिनियमचे आटे माफ करत नाहीत.

नवा पट्टा घातला, ताण बघितला, बॅटरी जोडली, गाडी सुरू केली. हेडलाइट, पंखा, एसी, सगळं लावलं. किंचाळणं नाही. मीटरवर १४.२ व्होल्ट. मुलीने घरात जाऊन नेलपॉलिशची बाटली आणली आणि माझ्या बारा-तेराच्या पान्याच्या बाराच्या टोकाला लाल पट्टा ओढला.

बुधवारी आईला घेऊन जळगावला गेलो. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, पावसाळ्यानंतर ऑपरेशन करू म्हणाले. परत येताना अंधार पडला होता, तापीच्या पुलावर हेडलाइट अगदी स्थिर होते.

आठवड्याने आबांनी कुंपणावरून विचारलं, "आवाज?"

"नाही आबा."

"मंग आज परत एकदा ताण पाहून घे. नवा पट्टा सुरवातीले सैल होतो."

मी संध्याकाळी बॉनेट उघडलं. अंगठ्याने दाबून बघितला, पट्टा खरंच थोडा सैल झाला होता. निगेटिव्ह काढली. बाराचा रिंग पाना वरच्या बोल्टवर ठेवला, हलत नाही ना ते बघितलं आणि ओढला. बोल्ट सहज फिरला.